देवीच्या हातातले महाळुंग

बोरिवलीची भाची तिसऱ्या महिन्यात माझ्याकडे मुलुंडला राहायला आली ती पार कोमेजून. दिवस गेल्याचा आनंद घरात सगळ्यांना झाला होता; पण जिला तो व्हायला हवा तिच्या पोटात घोटभर पाणीही ठरत नव्हते. फोडणीचा वास आला की ओढणी नाकाला लावून ती गॅलरीत पळायची. आले झाले, लिंबू सरबत झाले, कोरडी बिस्किटे झाली. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालूच होत्या. ‘पहिल्या तीन महिन्यांत असं होतंच’ हे वाक्य येणारे-जाणारे ऐकवून जात होते. अशात एका दुपारी माझी आई, म्हणजे भाचीची आजी, वय वर्षे ८६, अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, ‘‘अगं, पोरीला महाळुंग का देत नाही?’’

मी आईकडे नुसती बघत राहिले. महाळुंग हा शब्द माहीत होता. पुण्यात बालेवाडीला लागून महाळुंगे आहे, चाकणजवळ आणखी एक महाळुंगे आहे आणि सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात तर चक्क महाळुंग नावाचे गाव आहे. पण ते फळ मी उभ्या जन्मात हातात धरले नव्हते. आईचे माहेर कोल्हापूरकडचे. त्यांच्या मळ्यात विहिरीच्या पाटाकडेला महाळुंगाचे एक काटेरी झाड होते. गावात कुणी पहिलटकरीण ओकाऱ्यांनी हैराण झाली की त्या झाडाकडे निरोप यायचा. ‘‘दोन केसर जिभेवर ठेवले की तोंडाला चव यायची बाई,’’ आई म्हणाली आणि पुन्हा आडवी झाली. बाकीचे काम अर्थातच माझे!

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडले. मुलुंडच्या बाजारात लिंबूवाल्याने एक मोठे, रसरशीत, पिवळे फळ पुढे केले. ते ईडलिंबू. लोणच्याला उत्तम, पण महाळुंग नव्हे. पुढच्या फळवाल्याने त्याहून मोठे, गोल गरगरीत, गुळगुळीत सालीचे फळ काढले. ते पपनस. कोकणात ते गणपतीपुढे टांगतात आणि त्याच्या गुलाबी फोडी सोलून खातात. तेही महाळुंग नव्हे. पार्ल्याच्या बाजारात एका तरुण विक्रेत्याने मला सरळच विचारले, ‘‘मावशी, हे महाळुंग म्हणजे काय? ड्रॅगन फ्रूट आहे, किवी आहे, देऊ का?’’ त्या पोराची काय चूक? परदेशातून आलेली फळे त्याच्या गाड्यावर येतात, मग त्याला तीच ठाऊक असणार. घाटावरचे महाळुंग त्याच्यापर्यंत कधी पोहोचलेलेच नाही.

अंधेरीतही तीच कथा. मग मेट्रो पकडून घाटकोपरला उतरले ते जवळजवळ आशा सोडूनच. तिथे भाजी घेऊन बसलेल्या एका वयस्कर गुजराती बाईंना मी हातवारे करून फळाचे वर्णन सांगू लागले: लांबट, खडबडीत, जाड सालीचे, बियांनी भरलेले. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘ए तो बिजोरुं! परवा ये, लावी आपीश.’’ आणि खरोखर तिसऱ्या दिवशी त्यांनी टोपलीच्या तळातून ओल्या फडक्यात गुंडाळलेली दोन फळे काढून माझ्या हातात ठेवली.

महाळुंग पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते सुंदर वाटणार नाही. आकार लांबोळका, टोकाला बोंडासारखा उंचवटा, अंगावर गाठी आणि सुरकुत्या. पिकल्यावर रंग लिंबासारखा पिवळाधमक. कापले की आतला सगळा कारभार कळतो. संत्र्याची साल पातळ आणि आत गर भरलेला, महाळुंगाचे उलटे. बोटभर जाडीचा पांढरा, मऊ, किंचित गोडसर मगज आणि मधोमध थोडासा आंबट गर. त्या गराच्या कोरड्या, टोकदार पाकळ्यांनाच जुनी माणसे ‘केसर’ म्हणतात. बिया मात्र भरपूर. म्हणूनच संस्कृतात याला ‘बीजपूर’ हे नाव आहे, आणि हिंदीतला बिजौरा व गुजरातीतले बिजोरुं ही त्याचीच रूपे. आपले महाळुंग किंवा म्हाळुंग आले ते ‘मातुलुंग’ या दुसऱ्या संस्कृत नावावरून. पण या फळाची खरी श्रीमंती त्याच्या वासात आहे. सालीवर नुसते नख ओढले आणि आमचे दोन खोल्यांचे घर दरवळून गेले. लिंबाचा वास नाकात शिरतो, चटका देतो. महाळुंगाचा वास सावकाश पसरतो. त्यात लिंबू आहे, फूल आहे आणि पावसाळ्यातल्या ओल्या पानासारखेही काही आहे.

आईने अंथरुणावरून सूचना दिल्या. साल फेकायची नाही, तुकडा उशाशी ठेवायचा. केसर मोकळे करून बिया काढायच्या. त्यावर सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थोडी खडीसाखर घालून चमच्याच्या टोकाने थोडे थोडे चाटवायचे. भाचीने आधी सालीचा वास घेतला. मग एक केसर जिभेवर ठेवले. तोंड वाकडे केले, पण ओकली नाही. संध्याकाळी चार घास मऊ भात तिच्या पोटात राहिला. घरात दिवाळी झाली. आई तर अशी काही बघत होती, जणू आख्खे आयुर्वेदशास्त्र तिनेच सिद्ध केले!

आणि इथेच आमची चूक झाली. चार दिवसांनी उलट्या पुन्हा सुरू झाल्या आणि या वेळी थांबेनात. आदल्या आठवड्यात असे झाले असते तर आम्ही लगेच डॉक्टरांकडे धावलो असतो. पण आता घरात ‘महाळुंग आहे ना’ ही एक भावना होती. आणखी थोडे केसर, आणखी थोडा वास, उद्या बरे वाटेल, असे करत दीड दिवस गेला. दुसऱ्या रात्री ती उठायला गेली आणि घेरी येऊन पलंगावर कोसळली. सकाळपासून तिला लघवीलाच झाले नव्हते, हे तेव्हा कुठे आम्हाला कळले. इस्पितळात नेल्यावर दोन दिवस सलाइन लावावे लागले. तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी चाचरत महाळुंगाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘‘फळाचं काही चुकलं नाही. चुकलं ते वाट बघण्यात.’’ मग त्यांनी जे सांगितले ते प्रत्येक घरात माहीत असावे. गरोदर बाईच्या पोटात दिवसभर पाणीही ठरत नसेल, लघवी अगदी कमी किंवा गडद होत असेल, उभे राहताना चक्कर येत असेल किंवा वजन उतरू लागले असेल, तर ते नेहमीचे डोहाळे नव्हेत. तेव्हा कोणतेही फळ, कोणताही काढा पुरा पडत नाही. तिला दवाखान्यातच न्यायला हवे.

भाची सुखरूप घरी आली. मात्र त्या दोन दिवसांत इस्पितळाच्या बाकावर बसून मी मनाशी ठरवले, या फळाची नीट ओळख करून घ्यायची. त्याने आम्हाला आधार दिला होता आणि गाफीलही केले होते. त्याचा नेमका वाटा कोणता, हे कळायला हवे होते.

सुरुवात आईच्या गावापासूनच झाली. कोल्हापूरच्या महालक्ष्मीचे दर्शन आपण सगळे घेतो. पण अलंकारांच्या आणि साड्यांच्या आड देवीच्या हातांत काय आहे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? देवी चतुर्भुज आहे. वरच्या उजव्या हातात गदा, वरच्या डाव्या हातात ढाल, खालच्या डाव्या हातात पानपात्र आणि खालच्या उजव्या हातात महाळुंग! शस्त्रे धरणाऱ्या देवीने एक हात फळासाठी राखून ठेवला आहे, आणि तेही आंबा, नारळ, डाळिंब सोडून या ओबडधोबड फळासाठी. बियांनी ठासून भरलेले हे फळ सृष्टीच्या बीजाचे, सुफलतेचे प्रतीक मानले गेले. गणपतीच्या महागणपती या रूपाच्या हातात ते असते. बौद्ध परंपरेतल्या जंभल या धनदेवतेच्या हातातही तेच असते.

आपल्या उपनगरांनाही या परंपरेची सावली आहे. जोगेश्वरीची लेणी आणि बोरिवलीची मंडपेश्वर लेणी ही सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची शैव लेणी. दोन्हीकडे लकुलीशाच्या मूर्ती आहेत. लकुलीश म्हणजे पाशुपत पंथाचा आचार्य, शिवाचा अवतार मानलेला. मूर्तिशास्त्र सांगते, की त्याच्या एका हातात दंड असावा आणि दुसऱ्या हातात बीजपूर. भाचीच्या घरी जाताना मी वाट वाकडी करून मंडपेश्वरला गेले. दगड इतका झिजलेला, फुटलेला, की मूर्तीच्या हातात काय आहे ते मला ओळखता आले नाही. लेण्यातून बाहेर आले, तर समोर फळाच्या गाडीवर सफरचंदांचा ढीग होता.

महाळुंगाचा जगातला प्रवासही मोठा आहे. हिमालयाच्या पायथ्यापासून आसाम-मेघालय ते म्यानमार हा सारा पट्टा लिंबूवर्गीय फळांच्या माहेराचा. मेघालयातल्या गारो टेकड्यांत नोक्रेक येथे रानटी संत्र्यासाठी सरकारने खास अभयारण्य राखले आहे. या भागातून निघून पश्चिमेला भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचलेले या कुळातले पहिले फळ म्हणजे महाळुंग. संत्रे, मोसंबे, लिंबू ही सगळी मंडळी त्याच्या मागून गेली. जेरुसलेमजवळ रामात राहेल येथे इराणी साम्राज्याच्या काळातली एक राजेशाही बाग उत्खननात सापडली. तिथल्या जुन्या गिलाव्यात अडकलेले महाळुंगाचे परागकण शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ओळखले. म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी हे झाड तिथे फुलत होते. ग्रीक पंडित थिओफ्रास्टसने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस त्याचे वर्णन केले आहे. हे फळ खात नाहीत, पण कपड्यांत ठेवले तर कसर लागत नाही आणि तोंडाची दुर्गंधी जाते, असे तो सांगतो.

ज्यू लोकांच्या सुक्कोथ या सणाला महाळुंगच लागते. त्यांच्या भाषेत ‘एत्रोग’. त्याला कलमाचा स्पर्श झालेला चालत नाही, आणि ते निर्दोष असावे म्हणून मोठमोठे धर्मपंडित भिंग लावून पारख करतात. आपल्या अलिबाग-पेणकडचे मराठी बोलणारे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले शनवार तेली, याच परंपरेतले. ठाण्यात त्यांचे १८७९ सालचे सिनेगॉग आजही उभे आहे. मला गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. एत्रोग खाणाऱ्या आईची मुले सुगंधी होतात, असे ज्यूंच्या प्राचीन तालमूद ग्रंथात म्हटले आहे. सण संपल्यावर त्या फळाचा मुरांबा करून गरोदर बाईला देण्याची, म्हणजे बाळंतपण सोपे होते, अशी चालही त्यांच्यात आहे. कोल्हापूरकडच्या मळ्यातली माझी आई आणि जेरुसलेमची कुणी आजीबाई यांनी एकमेकींना कधी पाहिले नाही. पण गर्भारशीच्या हातात दोघींनी एकच फळ ठेवले.

आता औषधाचे. ‘महाळुंग हृदयाला चांगले’ असे मला तीन जणांनी सांगितले. आधार विचारला तर उत्तर आले, ‘‘चरकात आहे.’’ ते खरे आहे, आणि तरी अर्धेच खरे. चरकसंहितेत औषधी द्रव्यांचे दहा-दहांचे पन्नास गट दिले आहेत. त्यांतल्या ‘हृद्य’ गटात मातुलुंग आहे. पण त्याचे शेजारी कोण? आंबा, अंबाडा, करवंद, कोकम, बोर, डाळिंब! सगळी आंबट फळे. इथे ‘हृद्य’ म्हणजे मनाला रुचणारे, तोंडाला पाणी आणणारे, असा अर्थ जाणकार वैद्य लावतात. हृदयविकाराच्या गोळ्या बंद करून महाळुंग खावे, असे चरकाने कुठेही म्हटलेले नाही. अरुची, मंदावलेला अग्नी, पोटशूळ, उलटी, उचकी, खोकला या तक्रारींत त्याने केसराचा उपयोग सांगितला आहे. आणि सालीबद्दल बजावले आहे, की ती पचायला जड. हिंगाच्या काही गोळ्या करताना चूर्ण महाळुंगाच्या रसात घोटण्याची पद्धतही जुनीच. एकाच फळाचे केसर हलके आणि साल जड, एवढा बारीक विचार करणारे ते लोक. आपण मात्र त्यांच्या एका शब्दावर उड्या मारतो.

असाच दुसरा घोटाळा शास्त्रीय नावाचा. महाळुंगाचे नाव ‘सिट्रस मेडिका’. ‘मेडिका’ म्हणजे औषधीच की, असे कुणालाही वाटेल. पण ते नाव आले मीडिया या इराणातल्या प्राचीन प्रदेशावरून. ग्रीकांना हे फळ तिकडून मिळाले म्हणून ते ‘मीडियाचे फळ’. औषधाशी त्या नावाचा काही संबंध नाही. नावावरून माणसाची परीक्षा करू नये म्हणतात, फळाचीही करू नये.

मग आजचे विज्ञान काय म्हणते? सगळ्या लिंबूवर्गीय फळांप्रमाणे यातही ‘क’ जीवनसत्त्व आहे. त्याचे मोल जगाला फार उशिरा कळले. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारी डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांना दोन-दोनच्या जोड्यांत वेगवेगळे उपचार दिले. ज्या दोघांना संत्री आणि लिंबू मिळाले ते आठवड्याच्या आत सावरले. पण हे जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते. तेव्हा तासभर उकळलेल्या पाकातून ते भरपूर मिळेल, ही अपेक्षा ठेवू नये. सालीतल्या सुगंधी तेलात मुख्यतः लिमोनिन असते आणि पांढऱ्या मगजात पेक्टिन. जॅम घट्ट होतो तो पेक्टिनमुळे. महाळुंगातल्या द्रव्यांवर प्रयोगशाळेत, उंदरांवर बरेच काम झाले आहे. त्यात साखर, सूज, जंतू यांवर काही आशादायक परिणाम दिसले. पण उंदीर आणि माणूस यांच्यात मोठे अंतर आहे. माणसांवरच्या मोठ्या, चोख चाचण्यांवाचून ‘महाळुंगाने मधुमेह जातो’ असे म्हणणे म्हणजे निव्वळ थाप.

माझ्या भाचीच्या बाबतीत मात्र एक दुवा मिळाला. इराणमध्ये १०० गरोदर बायकांवर केलेली एक चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यात लिंबाच्या सुगंधी तेलाचा वास घेतलेल्या बायकांची मळमळ, नुसते साधे तेल हुंगणाऱ्यांपेक्षा कमी झाली. ते तेल लिंबाचे होते, महाळुंगाचे नव्हे, आणि उपयोग झाला तो सौम्य त्रासात. पण सालीचा तुकडा उशाशी ठेवण्याच्या आईच्या सूचनेत तथ्य असावे, असे म्हणायला एवढे पुरे. तीव्र त्रासाचे उत्तर मात्र सलाइन हेच होते.

एक सावधगिरी जाता जाता. बाजारात महाळुंग मागितले की पपनस हाती पडते, हे मी सांगितलेच. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर हा फरक महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य देशांतले ग्रेपफ्रूट पपनसाचेच अपत्य. ग्रेपफ्रूटचा रस रक्तदाबाच्या काही गोळ्यांचे रक्तातले प्रमाण अनेक पटींनी वाढवतो, हे कॅनडातल्या डेव्हिड बेली यांच्या संशोधनातून १९९१ साली पुढे आले. पपनसातही तशीच द्रव्ये असतात. रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या किंवा अवयवरोपणानंतरच्या गोळ्या चालू असतील तर पपनस खाण्याआधी डॉक्टरांना विचारावे. महाळुंगही त्याच कुळातले, तेव्हा औषध म्हणून रोज घ्यायचे झाल्यास त्याचीही चौकशी करावी. शिवाय लोणच्यात मीठ असते आणि पाकात साखर, हे विसरू नये.

कुळाचा विषय निघालाच आहे, तर महाळुंगाच्या वडीलकीचेही सांगते. २०१८ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात लिंबूवर्गाच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. या कुळातली आपल्या ओळखीची बहुतेक फळे मोजक्या मूळ जातींच्या संकरातून आली आहेत. पपनस, छोटे संत्रे आणि महाळुंग हे त्यांतले प्रमुख. विलायती पिवळ्या लिंबाचा बाप महाळुंग आणि आपल्या कागदी लिंबाचा बापही महाळुंगच! रोज आमटीत पिळतो त्या लिंबाचा जन्मदाता आपल्याला ओळखता येऊ नये, याची मला थोडी लाजच वाटली.

मात्र सगळेच त्याला विसरलेले नाहीत, हे मला आमच्याच इमारतीत कळले. इस्पितळातून परतल्यावर उरलेल्या फळाचे काय करावे, असा प्रश्न होता. शेजारच्या गुजराती बेन म्हणाल्या, त्यांच्या सासूबाई बिजोऱ्याचे लोणचे घालत. सालीसकट बारीक फोडी, मीठ-हळद लावून दोन दिवस मुरवायच्या, वर गूळ आणि मिरचीपूड. वरच्या मजल्यावरच्या तमिळ मामींनी एक बरणीच खाली आणली. त्यांच्याकडे या जातकुळीच्या फळाला नार्तंगाय म्हणतात. फळ गोल गोल चिरून त्यात मीठ भरायचे, मुरले की उन्हात खडखडीत वाळवायचे. ते वर्षानुवर्षे टिकते आणि तापातून उठलेल्याला दहीभाताबरोबर तुकडा देतात. आईने आपला पाक सांगितला: केसर मोकळे करायचे, साखरेचा दोनतारी पाक करून उतरवायचा, कोमट झाल्यावर केसर घालायचे, वर वेलदोडा आणि केशराच्या चार काड्या. तिघींची भाषा वेगळी, कृती वेगळी. पण आजाऱ्याच्या तोंडाला चव आणणे, हे तिघींनी सांगितलेले कारण एकच होते.

मला वाटते, महाळुंगाचे खरे काम हेच आहे. अन्नाची वासना मेलेल्या माणसाला ते पुन्हा ताटाकडे वळवते. गरोदरपण असो, दुखणे असो की म्हातारपण, दोन घास पोटात जाणे हीच तेव्हा मोठी गोष्ट असते. ‘हृद्य’ या शब्दाचा अर्थ मला त्या संध्याकाळी भाचीने चार घास खाल्ले तेव्हा कळला, पुस्तकात नंतर वाचला.

मग हे फळ गेले कुठे? बाजाराला रस हवा, आणि महाळुंगात रस थोडा. झाड काटेरी, फळ जाडजूड. विदर्भातले संत्र्याचे बागायतदार जंभेरीच्या खुंटावर डोळे भरतात, नगर-सोलापूरकडचे कागदी लिंबू लावतात. महाळुंग पीक म्हणून लावणारा विरळाच. नागपूरला केंद्र सरकारची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे. अशा ठिकाणी जुन्या जाती जपण्याचे काम चालते. पण संस्थेच्या मळ्यात जगलेले झाड आणि घरच्या बरणीत जगलेले फळ यांत फरक आहे. मागणारे संपले की टोपलीच्या तळातली ती दोन फळेही येईनाशी होतील. घाटकोपरच्या त्या बाईंनी मला पुढच्या खेपेला सांगितलेच, ‘‘आता कोणी विचारतच नाही. तू मागितलंस म्हणून आणलं.’’

त्या दोन फळांच्या बिया मी धुऊन एका डब्यात मातीत टाकल्या होत्या. सहा उगवल्या. भाचीची मुलगी आता दोन वर्षांची आहे आणि इमारतीच्या मागच्या भिंतीशी उभे असलेले एक झाड तिच्याएवढे. कोवळी पाने जांभळट असतात, हे मला झाड लावल्यावरच समजले. दर पावसाळ्यात त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या येतात आणि पाने फस्त करून लिंबाची फुलपाखरे होऊन उडून जातात. सोसायटीतल्या एका गृहस्थांनी औषध फवारायचे सुचवले. मी म्हटले, पाने पुन्हा येतील. बियांपासून वाढवलेले झाड फळायला काही वर्षे घेते. आई आता या जगात नाही, आणि ते फळ तिच्या हातात ठेवणे माझ्या नशिबी नव्हते. पण मुलुंडच्या एखाद्या घरात उद्या कुणी पोर अशीच कोमेजून माहेरी आली, तर तिच्या आजीने नाव काढल्यावर झाड कुठे आहे, हे सांगायला आम्ही आहोत. आणि डॉक्टरांकडे कधी जायचे, हेही सांगू.